क्षणात विरणाऱ्याचं वजन कसं करायचं?

मानपाड्याहून बोलतेय. आज बचत, कर्ज, हप्ते यातलं काही नाही. आज वजनाबद्दल बोलू या.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंना मुलाच्या फीसाठी मंगळसूत्र गहाण ठेवायचं होतं. एका दुकानात वजन केलं, ते घरच्या पावतीपेक्षा अर्धा ग्रॅम कमी भरलं. ताई गप्प बसल्या. म्हणाल्या, झिजलं असेल. आम्ही दोघी-तिघींनी त्यांना दुसरीकडे नेलं, तिथे पावतीएवढंच भरलं. अर्धा ग्रॅम म्हणजे आपल्या घरचा कितीतरी दिवसांचा किराणा. परत येताना रिक्षात ताईंच्या बारावीतल्या लेकीने विचारलं, "मावशी, सोनं मुळात आलं कुठून?" मी कला शाखेची. उत्तर शोधायला बसले आणि पुन्हा वजनापाशीच येऊन पोहोचले.

सोनं पृथ्वीवर तयार झालेलं नाही. आकाशात दोन अतिशय जड, विझलेले तारे एकमेकांवर आदळतात तेव्हा सोन्यासारखे जड धातू बनतात. त्यांना न्यूट्रॉन तारे म्हणतात. अशी एक टक्कर १७ ऑगस्ट २०१७ रोजी पृथ्वीवरच्या यंत्रांनी टिपली. ती झाली होती सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षं लांब. (अशा टकरी टिपणारं एक यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायचं आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये त्याला मंजुरी दिली.) त्या टकरीत अणूंच्या गाभ्यांवर न्यूट्रॉन कणांचा भडिमार होतो. गाभे फुगत जातात, पण ते कच्चे असतात. क्षणात मोडतात, बदलतात, आणि त्यातले काही शेवटी सोनं होऊन टिकतात. कुठला कच्चा गाभा कशात बदलेल, हे बरंचसं त्याच्या वजनावर ठरतं. म्हणून शास्त्रज्ञांना त्या कच्च्या गाभ्यांचं वजन हवं असतं.

आता अडचण बघा. सेकंदाच्या हजाराव्या भागात विरून जाणारी वस्तू काट्यावर ठेवायची कशी? ठेवायचीच नाही. पळवायची आणि वेळ लावायची. एकाच जोराने ढकललेली भरलेली हातगाडी रिकामीपेक्षा हळू जाते, हे बाजारात आपण रोज बघतो.

जर्मनीत डार्मश्टाट गावी १०८ मीटर घेराची एक पोकळ गोल नळी आहे. आतली हवा काढून टाकलेली, भोवती मोठमोठे चुंबक. तिथे तयार केलेले कच्चे गाभे या नळीत सोडतात. ते सेकंदाला सुमारे २० लाख फेऱ्यांच्या वेगाने धावतात. म्हणजे हजाराव्या भागाचं आयुष्य असलं तरी दोनेक हजार फेऱ्यांपुरती सवड मिळते. चीनमध्ये लान्झोऊलाही अशी नळी आहे.

पण एकाच जातीचे सगळे गाभे अगदी एकाच वेगाने निघत नाहीत. कोणी थोडा जोरात, कोणी थोडा हळू. मग वेळेतला फरक वजनाचा की वेगाचा? यावर केलेली युक्ती मला फार आवडली. चुंबक असे जुळवतात की जोरात धावणारा आपोआप बाहेरच्या, लांबच्या वाटेने जातो आणि हळू धावणारा आतल्या, जवळच्या वाटेने. एका जातीच्या सगळ्यांची फेरी मग एकाच वेळात पुरी होते. फरक उरतो तो वजनाचा आणि अंगावरच्या विद्युतभाराचा. भार किती ते ओळखता येतं, राहिलं वजन.

वेळ टिपायला वाटेत कार्बनचा पापुद्रा धरलेला असतो, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढा. गाभा त्यातून आरपार जातो आणि जाता जाता थोडे इलेक्ट्रॉन उडवतो, चिखलातून सायकल गेल्यावर शिंतोडे उडतात तसे. ते बाजूच्या काचेच्या चकतीवर नेतात. चकतीला लाखो बारीक भोकं असतात. भोकाच्या भिंतीवर एक इलेक्ट्रॉन आपटला की अनेक निघतात, तेही आपटतात, आणखी निघतात. शेवटी विजेचा एवढा झटका तयार होतो की यंत्राला कळतं, "आत्ता गेला." हे "आत्ता" किती नेमकं? सेकंदाचे शंभर कोटी भाग केले आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा वीस, तर त्यातल्या एकाच्या आसपास. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा जेमतेम दीड सेंटीमीटर पुढे जातो. पापुद्र्यातून जाताना गाभा दर खेपेला जरासा थकतो, म्हणून काहीशे फेऱ्यांची नोंद मिळाली तरी खूप. त्यातून वजन कळतं दहा लाखांत एकाच्या फरकाने. तांदळाच्या वीस-पंचवीस किलोच्या गोणीतून एक दाणा काढला तरी कळावं, असं.

हे फक्त परदेशातच चालतं असं नाही. आपल्या मुंबईत, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पेलेट्रॉन नावाचं यंत्र १९८८ च्या अखेरीस सुरू झालं. भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा संस्था यांचं ते मिळून आहे. १ कोटी ४० लाख व्होल्टपर्यंतच्या विजेच्या जोरावर तिथे कण पळवतात. हे गोल नळीतलं वजन तिथे होत नाही, पण कणाला ठरावीक अंतर जायला किती वेळ लागला ते मोजून त्याची ताकद ओळखायची रीत तिथेही आहे. डार्मश्टाटला उभ्या राहणाऱ्या फेअर या नव्या प्रकल्पातही भारत २०१० पासून भागीदार आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. त्या नळीत अनोळखी गाभ्यांबरोबर काही ओळखीचे गाभेही धावत असतात, ज्यांचं वजन आधीच पक्कं ठाऊक आहे. त्यांच्या फेरीच्या वेळेशी ताडून अनोळखीचं वजन काढतात. एवढं महागडं यंत्र, तरी त्याच्या एकट्याच्या शब्दावर कोणी विसंबत नाही.

हे वाचलं आणि आम्ही गटाच्या पैशातून दहा ग्रॅमचं चांदीचं नाणं घेतलं. दोन वेगवेगळ्या दुकानांत त्याचं वजन करून वहीत लिहून ठेवलं. आता कोणी दागिना घेऊन निघाली की नाणं बरोबर नेते. आधी काट्यावर पडताळणीचा शिक्का आणि त्यावरची तारीख बघते, मग म्हणते, "दादा, आधी हे ठेवा." मागच्या महिन्यात एका दुकानदाराने नाणं बघितलं, काही न बोलता आतून दुसरा काटा आणला. ताईंची लेक तिथेच उभी होती. ती म्हणाली, "मावशी, हा आपला ओळखीचा गाभा."