कॅमेऱ्याचा कोन (चित्रपट)

चित्रित होणाऱ्या व्यक्तीच्या किंवा वस्तूच्या संदर्भात कॅमेरा कोणत्या दिशेने रोखलेला आहे, त्यास चित्रपटाच्या परिभाषेत कॅमेऱ्याचा कोन म्हणतात. कॅमेरा वरून खाली रोखल्यास उच्च कोन, खालून वर रोखल्यास निम्न कोन, तर चौकटच एका बाजूला कलवल्यास तिरपा किंवा डच कोन होतो. कोन आणि कॅमेऱ्याची उंची या भिन्न बाबी आहेत. यासुजिरो ओझू यांच्या 'टोकियो स्टोरी' (१९५३) या जपानी चित्रपटात कॅमेरा जमिनीपासून थोड्याच उंचीवर असतो. पण तो बहुधा समोर पाहतो, त्यामुळे प्रेक्षक जणू पात्रांसोबत चटईवर बसलेला असतो.

निम्न कोनातून पात्र बलाढ्य व उच्च कोनातून दुबळे दिसते, असा ढोबळ नियम सांगितला जातो. तो पुष्कळदा लागू पडतो, परंतु कोनाचा अर्थ प्रसंगावर अवलंबून असतो. ऑर्सन वेल्स दिग्दर्शित 'सिटिझन केन' (१९४१) हे त्याचे उत्तम उदाहरण होय. निवडणूक हरलेला केन रिकाम्या प्रचार कार्यालयात आपला जुना मित्र लेलँड याच्याशी बोलतो, तेव्हा कॅमेरा जवळजवळ त्याच्या पायांशी आहे. केन अवाढव्य दिसतो. मात्र हातून सत्ता निसटली आहे, मित्रही दुरावत आहे, आणि डोक्यावरचे छत त्याला दडपू पाहते. एरवी त्या काळी स्टुडिओतील नेपथ्याला सहसा छत नसे, कारण दिवे व मायक्रोफोन वर टांगावे लागत. छायाचित्रकार ग्रेग टोलँड यांच्या निम्न कोनांत छत दिसणे अटळ होते; म्हणून ते मलमलीच्या कापडाचे केले गेले व मायक्रोफोन त्यामागे दडवले गेले.

कॅरल रीड यांच्या 'द थर्ड मॅन' (१९४९) मध्ये युद्धोत्तर व्हिएन्ना वारंवार तिरप्या कोनातून दिसते व कोणावरही विश्वास ठेवता येऊ नये असे वातावरण तयार होते.

कधी कोनाचे मुख्य काम लपवण्याचे असते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको' (१९६०) मध्ये गुप्तहेर जिना चढून येताच कॅमेरा थेट छतालगत जातो. हल्लेखोराचा चेहरा दिसत नाही, तरीही तो मुद्दाम लपवल्याची शंका येत नाही. लगेच पुढच्या चित्रचौकटीत गुप्तहेराचा चेहरा पडदाभर येतो. दूरच्या आणि जवळच्या दृश्यांतील हा विरोधच प्रेक्षकाला धक्का देतो.