शीड चढवण्याआधी

लेखमाला : कोरड्या जमिनीवरचं जहाज – लेखांक 9

जळगावहून समुद्र गाठायचा तर तापीच्या कडेकडेनं सुरतेकडे सुमारे तीनशे किलोमीटर जावं लागतं. धुळेकरांचीही गत फार वेगळी नाही. पण भारतातल्या जुन्या जहाजचित्रांपैकी सर्वांत तपशीलवार असं एक चित्र जळगावपासून जेमतेम साठ किलोमीटरवर आहे. पहूर, फर्दापूर ओलांडलं की अजिंठा. तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात कुणा चित्रकारानं भिंतीवर हे जहाज रंगवलं. कथा पूर्णाची. शूर्पारक म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा हा व्यापारी पुढे भिक्षू झाला. चंदन आणायला गेलेल्या त्याच्या भावाचं जहाज वादळात सापडतं आणि पूर्ण ते वाचवतो. चित्रात तीन उंच डोलकाठ्या आहेत, त्यांवर उभट शिडं आहेत, पुढच्या टोकाला आणखी एक छोटं शीड, नाळेवर रंगवलेला डोळा आणि मागच्या बाजूला ओळीनं मांडलेले रांजण.

गेल्या आठ लेखांकांत या जहाजाच्या मॉडेलचा सांगाडा उभा राहिला, फळ्या बसल्या, दोऱ्यानं शिवल्याही गेल्या. आता टेबलावर जे आहे ते जहाजासारखं दिसतं, पण बोडकं आहे. शेवटचा हात फिरवायचा तो इथून पुढे. हौशी माणसं बहुतेकदा इथेच घाई करतात.

मॉडेलचं प्रमाण आपण 1:20 धरलं होतं. त्याला आधार आहे तो नौदलाच्या ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ या शिवलेल्या जहाजाचा. अजिंठ्याच्या याच चित्रावरून ते बांधलं गेलं. जुलै 2023 मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्याची ‘होडी इनोव्हेशन्स’ ही कंपनी यांच्यात करार झाला, सप्टेंबरमध्ये कणा बसवला गेला, फेब्रुवारी 2025 मध्ये जहाज गोव्यात पाण्यात उतरलं आणि 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. केरळचे कसबी कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली फळ्या काथ्याच्या दोरानं शिवल्या गेल्या. जहाजाची लांबी 19.6 मीटर, रुंदी 6.5 मीटर, पाण्याखालचा भाग 3.33 मीटर. विसानं भागलं की मॉडेल 98 सेंटीमीटर लांब, साडेबत्तीस सेंटीमीटर रुंद आणि पाण्याखाली साधारण पावणेसतरा सेंटीमीटर. दिवाणखान्यातल्या टीव्हीच्या टेबलावर ते मावत नाही, याची तक्रार घरातून आलीच असेल.

कौंडिण्यचंही आधी मॉडेल झालं होतं. आयआयटी मद्रासच्या महासागर अभियांत्रिकी विभागात त्याची पाण्यातली चाचणी झाली, कारण पंधराशे वर्षांपूर्वीच्या जहाजाचा आराखडा कुठेही शिल्लक नव्हता. हाती होतं ते एक सपाट चित्र, तेही एकाच बाजूचं. चाचणीच्या मॉडेलला बुडाचा घाट अचूक लागतो. दोर कोणत्या रंगाचा, रांजण किती, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. काचपेटीतल्या मॉडेलचं नेमकं उलट असतं. बघणारा बूड बघतच नाही, त्याची नजर थेट वर जाते.

म्हणून रंगाच्या डबीला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट ठरवून टाकावी : आपण अजिंठ्याचं जहाज करतो आहोत की कौंडिण्य? दोन्ही एक नव्हेत. कौंडिण्यच्या शिडांवर गंडभेरुंड हा दोन डोक्यांचा पक्षी आणि सूर्य आहे, नाळेवर सिंहयाळी हा काल्पनिक प्राणी कोरलेला आहे, डेकवर हडप्पा शैलीचा दगडी नांगर आहे. यातलं काहीही दुसऱ्या लेण्यातल्या चित्रात नाही. ही आजच्या लोकांनी विचारपूर्वक जोडलेली सजावट आहे. अजिंठ्याच्या जहाजाला डोळा आहे, रांजण आहेत. दोन्हीकडचं थोडं थोडं उचलून देखणी खिचडी करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरावा. गंडभेरुंडाच्या शिडाखाली पंधराशे वर्षं जुने रांजण मांडले की जहाज कुठल्याच काळाचं राहत नाही. या लेखमालेत आपण अजिंठ्याच्या बाजूनं जातो आहोत. मापं तेवढी कौंडिण्यची, कारण भिंतीवरच्या चित्रकाराला माणसं ठळक दाखवायची होती. त्यानं जहाजाची लांबी मोजून काढलेली नाही.

आधी लाकूड. सागाचे तुकडे वापरले असतील तर त्यांच्या अंगात तेल असतं, त्यामुळे गोंद धरत नाही. उरलेले बारीक भाग चिकटवण्याआधी ती जागा थिनरनं पुसून लगेच गोंद लावावा. सागाचा विषय निघालाच आहे तर खान्देशाचा जहाजांशी असलेला एक विसरलेला संबंध सांगायला हवा. 1840 च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी डांगची जंगलं भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्यानं घेतली, ती तिथल्या सागासाठी. मुंबईच्या गोदीला जहाजं बांधायला हा साग हवा होता. आणि डांगचा राजकीय कारभार पुढे बराच काळ खान्देशच्या कलेक्टरकडे, म्हणजे धुळ्याकडे होता. 1880 साली निघालेल्या खान्देश गॅझेटियरमध्येही डांगची माहिती आहे. समुद्र न पाहिलेल्या मुलखाच्या दप्तरात जहाजाच्या लाकडाचे हिशेब होते!

लाकडाला चकचकीत पॉलिश नको. वीसपट लहान केलेल्या वस्तूवर खऱ्या वस्तूइतकी चमक आली की ती खेळणं वाटते. किनाऱ्यावर लाकडी होड्यांना माशाचं तेल चोळण्याची जुनी पद्धत आहे. घरात तो वास कोण सोसणार? त्याऐवजी जवसाचं तेल पातळ करून दोनदा चोळलं की सागाला हवा तसा मंद तपकिरी रंग येतो. मात्र तेलानं भिजलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन सुकतं, त्यात उष्णता तयार होते, आणि गोळा झालेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. जळगावच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या घरात असताना, हा धोका पुस्तकी राहत नाही. फडकं दोरीवर पसरून वाळवावं किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावं.

रंगाचंही तेच. दुरून पाहिलेली वस्तू फिकी आणि थोडी करडी दिसते. मॉडेल आपण हातभरावरून बघतो, तरी डोळ्याला ते दूरचं जहाज वाटायला हवं. म्हणून नाळेवरच्या डोळ्याचा काळा रंग निव्वळ काळा नको, त्यात चिमूटभर करडा मिसळावा. पांढऱ्याला किंचित पिवळसर झाक द्यावी.

आता दोर. इथे जळगाव-धुळ्याच्या माणसाला खरं तर घरचाच माल मिळतो : सूत. खऱ्या जहाजावरचा चार सेंटीमीटर जाडीचा दोर इथे दोन मिलिमीटरचा होतो. बाजारातली नायलॉनची दोरी घेऊ नये. ती चकाकते आणि ताणली जाते. सुती धागे तीनपदरी पिळून दोर घरी करावा. धागे ज्या दिशेनं पिळलेले असतात त्याच्या उलट दिशेनं तीन पदर एकत्र पिळले तर दोर सुटत नाही. मग मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घ्यायचा, म्हणजे सुताचे बारीक केस बसतात. हे केस वीसपट मोठे करून पाहिले तर जहाजाला लव फुटल्यासारखी दिसेल. रंग काथ्याचा, म्हणजे फिका तपकिरी. युरोपी जहाजांच्या मॉडेलवर डोलकाठी धरून ठेवणारे दोर डांबरासारखे काळे करतात, ते पाहून इथे काळा रंग देऊ नये.

दोर बांधायचा क्रम चुकला तर हात आत शिरत नाही. डेकवरचं सगळं, म्हणजे रांजण, मागच्या दोन्ही अंगांची सुकाणूची वल्ही, आधी पक्कं करावं. मग डोलकाठ्या ताठ धरणारे दोर, मग शिडाची आडवी काठी म्हणजे परबान, आणि शेवटी शीड ओढायचे दोर. आतून बाहेर आणि खालून वर. लांब चिमटा आणि क्रोशाची सुई ही दोन हत्यारं इथे बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाची.

ताण किती द्यायचा, हे ऋतूवर ठरतं. सुती दोर ओलसर हवेत फुगतो आणि आखडतो, कोरड्या हवेत सैल पडतो. मे महिन्यात बाकी घर भाजत असताना दोर तारेसारखे ताणून बांधले तर जुलैत ते आखडून डोलकाठ्या वाकवतील. बांबूची काठी सहन करेल, सागाची बारीक काठी मोडेलसुद्धा. हे काम पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या आसपास करावं, जेव्हा हवा मधल्या अवस्थेत असते. एरवीही त्या दिवसांत घरात किल्ल्याची माती पसरलेली असते. त्यात थोडा भुसा चालून जातो.

आणि एक गंमत. जड दोर खऱ्या जहाजावर स्वतःच्या वजनानं झोकदार लोंबतो. सूत हलकं, ते वेडंवाकडं ताठ उभं राहतं. गुरुत्वाकर्षणाला 1:20 चं प्रमाण लागू होत नाही. मग दोराला पातळ केलेला फेविकॉल लावायचा, मधोमध टाचणी अडकवून वजन द्यायचं, वाळू द्यायचं आणि टाचणी काढायची. झोक तसाच राहतो.

शिडासाठी जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर मिळेल तितकी झिरझिरीत मलमल घ्यावी. नेहमीचं सुती कापड या प्रमाणात गोणपाटासारखं जाड वाटतं. आधी धुऊन खळ काढावी, चहाच्या पाण्यात बुडवून पांढरेपणा मारावा. सलग कापड लावू नये. खरी शिडं अरुंद पट्ट्या जोडून शिवलेली असत, तेव्हा त्या जोडांच्या उभ्या रेषा निदान पेन्सिलीनं तरी दाखवाव्यात. फुगीर आकार हवा असेल तर कापड खळीत भिजवून फुगवलेल्या फुग्यावर वाळवावं.

मग वारा कुठून येतो ते ठरवावं, आणि ते सगळ्या जहाजाला लागू करावं. इथे महागड्या मॉडेलांचीही फजिती होते. शिडं पुढे फुगलेली म्हणजे वारा मागून. मग डोलकाठीवरची पताकाही पुढेच उडायला हवी. ती मागे फडकताना दाखवली तर एकाच जहाजावर दोन वारे होतात. मोटारीवरचा झेंडा मागे उडतो, ते बघून बघून आपल्या डोळ्याला तीच सवय लागलेली असते. पण मोटार वाऱ्याच्या जोरावर चालत नाही. मागून वारा घेणारं शिडाचं जहाज वाऱ्यापेक्षा हळू जातं, म्हणून पताका त्याच्या पुढे धावते.

छोट्या वस्तूंमध्ये शिशाचे ओतीव तुकडे वापरू नयेत. प्लायवूडच्या पेटीत कोंडलेल्या हवेत गोंद आणि लाकडातली आम्लं शिशाला खातात. काही वर्षांत त्याची पांढरी भुकटी होते. परदेशातल्या संग्रहालयांनी हा त्रास चांगलाच भोगला आहे. रांजण शाडूचे करावेत.

शेवटी पितळी पाटी. तिच्यावर ‘अजिंठ्याचं जहाज’ एवढंच कोरून मोकळं होऊ नये. चित्रात एकच बाजू दिसते, दोर कुठे कसे बांधले ते स्पष्ट नाही. म्हणजे आपल्या मॉडेलचा वरचा बराच भाग अंदाजाचा आहे. ‘लेणे क्र. 2 मधील चित्रावरून. मापे आयएनएसव्ही कौंडिण्यची. दोरांची मांडणी अनुमानाने’ असं लिहिलं तर पाहणाऱ्याची दिशाभूल होत नाही. कौंडिण्यच्या कर्त्यांनीही अंदाजच बांधले होते, पण ते समुद्रात तपासून घेतले. 29 डिसेंबर 2025 रोजी पोरबंदरहून निघालेलं ते जहाज 14 जानेवारी 2026 रोजी मस्कतला पोहोचलं. आपल्या मॉडेलला तशी परीक्षा नाही, तेव्हा पाटी तरी खरी असावी.

अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात आयुष्य घालवलेला मेजर रॉबर्ट गिल 1879 मध्ये वारला आणि भुसावळमध्ये पुरला गेला. 1844 पासून त्यानं केलेल्या नकलांपैकी बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यामुळे नकलेवरून नक्कल करण्यापेक्षा मूळ भिंत बघणं केव्हाही चांगलं. ज्यांचं शीड अजून चढलेलं नाही, त्यांनी एकदा फर्दापूरला जाऊन यावं. लेणी सोमवारी बंद असतात. आत फ्लॅश चालत नाही आणि उजेड बेताचाच, तेव्हा छोटी दुर्बीण आणि कागद-पेन्सिल बरोबर ठेवावी. पुढच्या आठवड्यात काचपेटी : धुळीपासून बंद, पण हवेला खुली अशी ती कशी करायची ते पाहू.