नकाशातला पिवळा रंग

जूनमध्ये जिंतूरच्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर नकाशा येतो, त्यात परभणी जिल्हा पिवळा. म्हणजे आपल्या शिवारात पाऊस पडणारच, असे नव्हे. हवामान विभागाचे हे रंग सावधगिरीचे आहेत: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे तातडीने पावले उचला. इशाऱ्याचे कारण विजा, वारा किंवा पाऊस, काहीही असू शकते. रंग अख्ख्या जिल्ह्याला लागतो, म्हणून सोबतचे शब्दही वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर पाव भागात. गंगाखेडला सरी आणि जिंतूर कोरडे, असेही होते. रंग पाहून पेरणीची घाई नको. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेली, की मगच चाड्यावर मूठ धरा.