रेकॉर्डिंगमध्ये येणारा 'टक्-टक्' आवाज: आधी कारण शोधा, मग खर्च करा

आज आपल्या वस्त्यांमध्ये घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारे तरुण-तरुणी वाढत आहेत. कुणी भीमगीते गातो, कुणी रॅप करते, कुणी विहारासाठी बुद्धवंदना रेकॉर्ड करून देते. एक लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस, माइक आणि हेडफोन एवढ्या सामानावर काम सुरू होते. याच सामानावर आणखी एक महत्त्वाचे काम होऊ शकते. ते म्हणजे ज्येष्ठांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जपून ठेवणे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षा घेताना जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. १९७८ पासून नामांतराच्या लढ्यात उतरलेले तरुण आता साठी-सत्तरीत आहेत. गाणे बिघडले तर पुन्हा गाता येते. पण ऐंशी वर्षांची आजी तीच आठवण त्याच ओघात पुन्हा सांगेलच असे नाही.

आणि नेमके अशाच वेळी रेकॉर्डिंगमध्ये 'टक्', 'चर्र' असे आवाज येतात. मग दुकानदार म्हणतो, लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या. आम्ही ज्या मुलांसोबत काम करतो, त्यांच्यासाठी नवा लॅपटॉप म्हणजे वर्षभराचे हप्ते. अनेकदा दोष एखाद्या सेटिंगमध्ये किंवा केबलमध्ये असतो, म्हणून आधी तो शोधायला शिकले पाहिजे.

हा आवाज येतो कुठून?

माइकमधून आलेला आवाज इंटरफेस आकड्यांमध्ये बदलतो. सेटिंग ४८ किलोहर्ट्झ असेल तर एका सेकंदाला ४८,००० आकडे तयार होतात. यातल्या प्रत्येकाला सॅम्पल म्हणतात. लॅपटॉप ते एकेक करून घेत नाही. टोपलीभर साठले की उचलतो. या टोपलीला बफर म्हणतात. बफर २५६ सॅम्पलचा असेल तर दर ५.३ मिलिसेकंदांनी टोपली उचलावी लागते. १,०२४ चा असेल तर २१.३ मिलिसेकंद मिळतात.

त्या क्षणी लॅपटॉप वायफाय किंवा अपडेटच्या कामात अडकला आणि टोपली वेळेवर उचलली गेली नाही, तर काही सॅम्पल सांडतात. आवाजाची लाट मध्येच तुटते. ती तूट कानाला 'टक्' अशी ऐकू येते. असे वारंवार झाले की चरचर वाटते.

इथे अनेकांचा गोंधळ होतो. प्रोसेसर फक्त २० टक्के वापरात दिसतो, तरीही टक्-टक् येते. कारण प्रश्न एकूण ताकदीचा नसून वेळ गाठण्याचा आहे. दिवसभर रिकामा असलेला माणूस एसटी सुटताना स्टँडवर नसेल, तर त्याच्या रिकाम्या वेळेचा काय उपयोग?

पहिली पायरी: दोष फाइलमध्ये आहे की फक्त ऐकण्यात?

रेकॉर्ड केलेली फाइल दोन-तीनदा ऐका. टक् दरवेळी त्याच जागी येत असेल तर ती फाइलमध्ये उतरली आहे. दरवेळी जागा बदलत असेल तर फाइल बहुधा चांगली आहे आणि लॅपटॉप वाजवताना अडखळतो आहे. खात्रीसाठी तीच फाइल मोबाइलवर घेऊन वायरच्या हेडफोनने ऐका. एवढ्या तपासणीने निम्मी चिंता मिटते.

टक् फाइलमध्येच असेल तर त्या जागी लाट मोठी करून पाहा. चित्र बरेच काही सांगते:

- लाटेचे शेंडे सपाट कापल्यासारखे दिसतात: गेन जास्त आहे. सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील एवढाच गेन ठेवा. २४ बिटवर रेकॉर्ड केले तर हळू आवाजाची भीती राहत नाही.
- 'प', 'फ', 'ब', 'भ' या अक्षरांवर मोठा फुगवटा दिसतो: हा तोंडातल्या हवेचा धक्का आहे. 'भीम' म्हणताना तो हमखास बसतो. पॉप फिल्टर लावा, तोंड माइकपासून वीतभर लांब ठेवा आणि माइक थोडा तिरका करा.
- लाट एकदम उभी तुटते किंवा क्षणभर सपाट होते: सॅम्पल सांडले आहेत. दोष लॅपटॉप, ड्रायव्हर किंवा यूएसबीच्या बाजूला शोधा.
- दोन तुकडे जोडले तिथेच टक् येते: जोडावर छोटा क्रॉसफेड द्या.

दुसरी पायरी: केबल आणि वीज

लॅपटॉपला दोष देण्याआधी माइकची केबल दोन्ही टोकांना हलवून पाहा. हलवताना चर्र झाले तर केबल बदला. कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर सुरू असताना केबल काढू-घालू नका. आधी तो बंद करा, काही सेकंद थांबा, मग केबलला हात लावा.

फ्रिज सुरू होताना किंवा दिव्याचे बटण दाबताना टक् येत असेल तर ती विजेच्या लाइनमधून येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा. त्रास थांबला तर चार्जर किंवा घरातले अर्थिंग तपासा. मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवा आणि केबलपासून दूर ठेवा.

तिसरी पायरी: लॅपटॉप

आता मुख्य काम. एक नियम पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला, पाच मिनिटांचे चाचणी रेकॉर्डिंग करा, मगच पुढची गोष्ट. सगळे एकदम बदलले तर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा शून्यापासून सुरुवात होते.

१. बफर वाढवा. मुलाखतीसाठी सरळ १,०२४ ठेवा. गाताना बफर मोठा असेल तर स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो. त्यासाठी इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटर असेल तर तो वापरा. मग आवाज लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येतो आणि बफर मोठाच ठेवता येतो.

२. ड्रायव्हर तपासा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीने दिलेला एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा. कंपनीचा ड्रायव्हर नसेल तर 'एएसआयओ फॉर ऑल' हा मोफत पर्याय आहे. ऑडॅसिटीमध्ये एएसआयओचा पर्याय दिसत नसेल तर तिथे 'वासापी' निवडून पाहा.

३. सॅम्पल रेट सगळीकडे एकच ठेवा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ४४.१ आणि सॉफ्टवेअरमध्ये ४८ असेल तर आवाज बिघडू शकतो.

४. यूएसबी केबल थेट लॅपटॉपला लावा; मध्ये हब नको. दुसरा पोर्ट आणि दुसरी केबलही लावून पाहा.

५. पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स' करा. त्यातच 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. वीज वाचवण्यासाठी विंडोज पोर्टला झोपवते आणि रेकॉर्डिंगमध्ये खंड पडू शकतो.

६. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा. ब्राउझर, फाइल सिंक करणारे ॲप आणि अपडेट थांबवा. रेकॉर्डिंग करताना रिव्हर्बसारखे जड प्लगइन काढा. ते नंतर मिक्सिंगला लावता येतात.

७. तरीही थांबत नसेल तर 'लेटन्सीमॉन' हे मोफत सॉफ्टवेअर दहा मिनिटे चालवा. कोणता ड्रायव्हर लॅपटॉपला जास्त वेळ अडकवून ठेवतो, हे ते नावानिशी दाखवते. अनेकदा तो नेटवर्क किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर असतो. तो अपडेट करा, किंवा वायफायचा असेल तर रेकॉर्डिंगपुरता डिव्हाइस मॅनेजरमधून बंद ठेवा.

८. उन्हाळ्यात लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. गादीवर किंवा मांडीवर ठेवू नका. खालून हवा खेळू द्या. डिस्क गच्च भरलेली असेल तर जागा मोकळी करा.

ज्येष्ठांकडे जाण्यापूर्वी

लॅपटॉप सर्वांचा मिळून असेल तर जे सेटिंग चालले ते कागदावर लिहून बॅगेत ठेवा: बफर किती, ड्रायव्हर कोणता, पोर्ट कोणता, गेन किती. लॅपटॉप आज एकाच्या घरी, उद्या दुसऱ्याच्या घरी असतो. कागद असला तर कोणीही काम करू शकतो. पोहोचल्यावर पाच मिनिटे साध्या गप्पा रेकॉर्ड करा आणि लगेच हेडफोनवर ऐका. ऑडॅसिटी वापरत असाल तर रेकॉर्डिंग थांबल्यावर येणारा संदेश वाचा. सॅम्पल गळले असतील तर ते कुठे गळले, त्याच्या खुणा ते सॉफ्टवेअर स्वतः करते.

आणि दरवेळी एक मोबाइल, फ्लाइट मोडवर, त्यांच्याजवळ ठेवून समांतर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. मुख्य फाइलमध्ये एखादा शब्द तुटला तर तो मोबाइलवर सापडतो.

टक् आलीच असेल तर?

फाइल टाकून देऊ नका. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवा आणि दुरुस्ती प्रतीवरच करा. ऑडॅसिटीमधला 'रिपेअर' इफेक्ट एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतचा छोटा तुकडा आजूबाजूच्या लाटेवरून भरून काढतो. सुट्या टक्-टक्ला तो पुरतो. पूर्ण फाइलवर 'क्लिक रिमूव्हल' लावताना मात्र जपून लावा, नाहीतर बोलण्यातली धारही पुसली जाते. आख्खा शब्दच गळला असेल तर कोणतेही सॉफ्टवेअर तो परत आणू शकत नाही.

आणि एक लक्षात ठेवा. दोन टक् आल्या म्हणून आजीला मध्येच थांबवू नका. बोलण्याचा ओघ एकदा तुटला की तो जुळवणे अवघड असते; टक् नंतर काढता येते. तांत्रिक तयारी आपण आदल्या दिवशी घरी करायची आहे, ती यासाठीच की त्यांच्यासमोर बसल्यावर आपले लक्ष मीटरवर न राहता त्यांच्या बोलण्यावर राहावे. आपल्या लोकांचा बराच इतिहास अजून कागदावर आलेला नाही. तो त्यांच्या तोंडी आहे. तेव्हा या आठवड्यात लॅपटॉप उघडा, पाच मिनिटांची चाचणी करा आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाची वेळ मागून घ्या.