परदेशस्थ नागरिकांतील निवडणूक-प्रचार

परदेशांत वास्तव्य करणाऱ्या आपल्या नागरिकांची मते मिळविण्यासाठी एखाद्या देशाच्या शासनकर्त्यांनी किंवा पक्षांनी त्या परदेशांच्या भूमीवर केलेला राजकीय प्रचार. स्थलांतरितांना मायदेशाच्या निवडणुकीत परदेशातूनच मतदान करण्याचा हक्क मिळू लागल्यापासून या प्रचारास महत्त्व आले. इटलीने २००१ च्या कायद्याने व फ्रान्सने २०१२ च्या निवडणुकीपासून परदेशस्थ नागरिकांसाठी संसदेत स्वतंत्र मतदारसंघ दिले. आपली भूमी दुसऱ्या राष्ट्राच्या मतदारसंघात समाविष्ट केली जाण्यास कॅनडाने २०११ मध्ये हरकत घेतली होती. भारतात २०१० च्या दुरुस्तीने परदेशस्थ नागरिकास मतदारयादीत नाव नोंदविता येते. परंतु मतदानासाठी त्याला स्वतः मतदारसंघात यावे लागते. त्यामुळे परदेशांतील सभांमधून थेट मते मिळण्याचा संभव थोडा असतो.

या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण तुर्कस्तानचे होय. १९६१ मधील करारानुसार तुर्की कामगार पश्चिम जर्मनीत जाऊ लागले. ते काही वर्षांनी परततील अशी दोन्ही सरकारांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक कुटुंबे तेथेच स्थायिक झाली. २०१७ मध्ये जर्मनीत सु. १४ लाख तुर्की मतदार होते. सीमेवरील जकात नाक्यांवर मतदान करण्याची सोय त्यांना पूर्वीपासून होती. २००८ च्या दुरुस्तीने वकिलातींत मतदान करण्याची तरतूद झाली आणि २०१४ च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत ती प्रथम अंमलात आली. त्याच दुरुस्तीने परदेशांत प्रचार करण्यास मनाई केली आहे, हे विशेष. ही मनाई बव्हंशी कागदावरच राहिली. रेजेप ताय्यिप एर्दोआन यांनी पंतप्रधान असताना २००८ व २०१४ मध्ये कोलोन येथे प्रचंड सभा घेतल्या. त्यांपैकी २००८ च्या सभेत त्यांनी स्थलांतरितांवर लादलेल्या सांस्कृतिक विलीनीकरणास मानवतेविरुद्धचा अपराध म्हटल्याने जर्मनीत तीव्र प्रतिक्रिया उमटली.

एप्रिल २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्षीय पद्धतीसंबंधी घेतलेल्या सार्वमताच्या वेळी हा वाद विकोपास गेला. गागेनाऊ नगरपालिकेने तुर्की न्यायमंत्र्यांची सभा रद्द केली. त्यासाठी सभागृह व वाहनतळ अपुरे असल्याचे कारण दिले. एर्दोआन यांनी जर्मनीच्या वर्तनाची तुलना नाझी राजवटीशी केली. ११ मार्च रोजी नेदर्लंड्सने परराष्ट्रमंत्री मेव्हलुट चावुशोग्लू यांच्या विमानास उतरण्याची परवानगी नाकारली. कुटुंबकल्याणमंत्री फात्मा बेतुल सायान काया जर्मनीतून मोटारीने रॉटरडॅमला आल्या. तेव्हा त्यांना तुर्की वाणिज्य दूतावासाबाहेर अडवून पुन्हा जर्मन सीमेवर पोहोचविण्यात आले. नेदर्लंड्समध्ये १५ मार्चला सार्वत्रिक निवडणूक व्हावयाची होती, ही गोष्ट येथे दुर्लक्षिता येत नाही. दोन्ही सरकारांना ताठर भूमिका घेणे आपापल्या मतदारांसमोर सोयीचे होते. सार्वमतात नेदर्लंड्समधील सु. ७१ टक्के व जर्मनीतील सु. ६३ टक्के मते घटनादुरुस्तीच्या बाजूने पडली; एकूण सु. ५१ टक्के मतांनी दुरुस्ती संमत झाली. यावरून बंदीमुळे प्रचारास खीळ बसली असे म्हणता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीने येथे दोन हक्कांत भेद करावा लागतो. जर्मनीत राहणाऱ्या परकीयांसही सभा भरविण्याचा अधिकार तेथील कायद्याने दिला आहे. परंतु परराष्ट्राचा मंत्री अधिकारपदावरून येतो, तेव्हा तो व्यक्ती म्हणून नव्हे, तर राज्यसत्तेचा प्रतिनिधी म्हणून येतो. जर्मन संघीय संविधान न्यायालयाने ८ मार्च २०१७ रोजी एक तक्रार दाखल करून घेण्याचे नाकारताना स्पष्ट केले, की परकीय शासनप्रमुखांना वा मंत्र्यांना देशात येऊन अधिकृत कार्य करण्याचा हक्क संविधानाने किंवा आंतरराष्ट्रीय विधीने मिळत नाही. त्यासाठी संघ सरकारची प्रकट अथवा गर्भित संमती लागते. त्याच वर्षी जर्मनीने यूरोपीय संघाबाहेरील देशांच्या सत्ताधाऱ्यांना त्यांच्या देशातील मतदानापूर्वीच्या तीन महिन्यांत जर्मनीत प्रचार करण्यास बंदी घातली. पुढील वर्षी, २० मे २०१८ रोजी, एर्दोआन यांनी यूरोपातील तुर्की मतदारांसाठी सारायेव्हो येथे सभा घेतली. जर्मनी, ऑस्ट्रिया इ. देशांतून हजारो समर्थक तेथे जमले.