ड्रायव्हिंग स्कूल मधेच सोडलं. भरलेली फी परत मिळते का?

हुबळी : लॅमिंग्टन रोडसारख्या गजबजलेल्या रस्त्यावर ‘एल’ बोर्डाची गाडी चालवायची म्हणजे नवशिक्याचे पहिले चार दिवस क्लच सांभाळण्यात आणि रिक्षा चुकवण्यातच जातात. पाचव्या दिवशी कुणाची बदली होते, कुणाची परीक्षा लागते, कुणाला भीतीच बसते. क्लास सुटतो. फी मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण भरलेली असते, आणि मागायला गेलं की ‘एकदा भरलेली फी परत नाही’ असं ऐकून माणूस परत येतो.

प्रत्यक्षात हा विषय तिथे संपत नाही. आधी बघायचं ते हे, की क्लास कुणामुळे सुटला.

स्कूलकडूनच चूक असेल, म्हणजे गाडी बंद, मास्तर येत नाहीत, ठरलेली वेळ रोज बदलते, एका फेरीत चार जणांना बसवून प्रत्येकाला दहा मिनिटं स्टिअरिंग देतात, तर बाजू भक्कम आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ही सेवेतली त्रुटी ठरू शकते. त्रुटी असलेली सेवा थांबवून पावतीत लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत करायला नकार देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे.

स्वतःच्या अडचणीमुळे सोडलं असेल तर पूर्ण रक्कम मागण्यात अर्थ नाही. पण सगळी गिळून टाकायचा हक्क स्कूललाही आपोआप मिळत नाही. भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं, की करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही फक्त कमाल मर्यादा. समजा फी ६,००० रुपये, क्लास २१ दिवसांचा आणि शिकणं झालं ५ दिवस. हिशेबाने दिवसाला साधारण २८६, म्हणजे १,४३० रुपयांचं शिक्षण झालं. त्यात नोंदणीचा आणि कागदपत्रांचा वाजवी खर्च धरा. उरलेल्या रकमेवर बोलणी करता येतात. लर्निंग लायसन्ससाठी सरकारकडे भरलेले पैसे मात्र यात धरू नयेत, ते गेले. पण ते लायसन्स शिकणाऱ्याच्या नावावर असतं, स्कूलच्या नाही. सहा महिने चालतं आणि दुसऱ्या स्कूलमध्येही त्याच्यावर शिकता येतं.

आता पुरावा. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं, कारण पावतीच घेतलेली नसते. पण एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार परवानाधारक स्कूलला शिकणाऱ्यांची नोंदवही फॉर्म १४ मध्ये आणि प्रत्येकाने किती तास गाडी चालवली याची नोंद फॉर्म १५ मध्ये ठेवावी लागते. मोटारीसाठी प्रशिक्षण २१ दिवसांपेक्षा कमी नको आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १० तास हवं. परवाना ऑफिसात दिसेल असा लावलेला पाहिजे. म्हणजे ‘तुम्ही किती दिवस आलात ते आम्हाला काय ठाऊक’ हे उत्तर चालत नाही. यूपीआयचा मेसेज आणि मास्तरांबरोबरचं व्हॉट्सॲपवरचं बोलणंही जपून ठेवावं.

तोंडी मागून भागत नसेल तर तारीख घालून लेखी अर्ज द्यावा, किती दिवस आलो, किती परत हवेत, हे आकड्यांत लिहून. पोच घ्यावी, नाहीतर स्पीड पोस्टाने पाठवावा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुष्कळ प्रकरणं कोर्टाबिर्टाशिवाय इथेच मिटू शकतात. आरटीओकडे तक्रार करता येते, हुबळीसाठी केए-६३ चं कार्यालय. पण आरटीओ पैसे वसूल करून देत नाही. नियम मोडले असतील तर परवाना निलंबित किंवा रद्द करणं त्याच्या हातात आहे, आणि एवढी कुणकुण लागली तरी काही मालकांचा सूर बदलतो.

शेवटचा दरवाजा जिल्हा ग्राहक आयोगाचा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही, मुदत दोन वर्षांची. स्कूलवाले ‘आम्ही शिक्षणसंस्था, ग्राहक कायदा आम्हाला लागत नाही’ असा मुद्दा काढू शकतात. राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० च्या निकालात शिक्षणसंस्थांना वगळलं, कोचिंग क्लासना मात्र नाही. ड्रायव्हिंग स्कूल पदवी देत नाही, पैसे घेऊन गाडी शिकवतं, हे तक्रारीत आधीच लिहिलेलं बरं.

सीमाभागातल्या लोकांसाठी आणखी एक. हुबळीत नोकरी-शिक्षणासाठी राहून गावी परतलेल्या निपाणी-खानापूरकराला यासाठी धारवाडच्या खेपा घालायला नकोत. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगातही तक्रार घेतली जाते; म्हणजे बेळगावात, आणि घर कोल्हापूरला असेल तर कोल्हापुरात.