वडसा: तळ्याच्या पाळीवरून पाहायचे पक्षी

गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावरचे वडसा, म्हणजेच देसाईगंज, महाराष्ट्राला ठाऊक आहे ते झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आणि गडचिरोलीच्या जंगलाचे दार म्हणून. पक्षी पाहायला मुद्दाम वडशाला उतरणारा माणूस मात्र विरळाच. ज्यांना पक्ष्यांची ओढ आहे ते घनदाट, ओलसर अरण्य शोधत सह्याद्रीत जातात, ऐपत असलेले थेट कोस्टारिकाच्या मेघवनांत. वडशाजवळचे जंगल साग, ऐन, मोह, तेंदूचे, पानगळीचे आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते उघडेबोडके दिसते आणि नवख्याला वाटते, इथे काय पाहायचे? या उणिवेतच इथली सोय आहे. मेघवनात धुके आणि पर्णसंभार पक्षी झाकून टाकतात. इथे फांद्या मोकळ्या होतात, रानातले पाणी आटत जाते आणि पक्षी उरलेल्या पाण्याभोवती गोळा होतात. म्हणून वडशातला पक्षीनिरीक्षणाचा दिवस जंगलाच्या फाटकापासून नव्हे, तळ्याच्या पाळीवरून सुरू व्हायला हवा, आणि सोबत गावातला जाणता माणूस हवा.

हे पाणी नुसते निसर्गाने दिलेले नाही. गोंड राजवटीत कोहळी समाजाने या भागात तलाव बांधले. मालगुजारी ही महसूल पद्धत संपल्यावर ते शासनाकडे आले, आणि माजी मालगुजारी म्हणून त्यांना ‘मामा तलाव’ म्हटले जाऊ लागले. तलाव भातशेतीसाठी बांधले, पण त्यांच्या उथळ काठांवर पक्ष्यांची सोय झाली. कमळपक्षी तरंगत्या पानांवर चालतो, जांभळी पाणकोंबडी गवतात वावरते, अडईचे थवे मोकळ्या पाण्यावर उतरतात. बेशरम ही वनस्पती माजली, गाळ साचला, की ही विविधता आकसते. त्यामुळे तळ्यातले पक्षी पाहणे म्हणजे त्या तळ्याची प्रकृती पाहणेही आहे. पश्चिमेला वैनगंगा आहे. हिवाळ्यात तिच्या वाळूच्या पट्ट्यांवर चक्रवाक येतात. नदी सुरय उन्हाळ्याच्या तोंडाशी अशाच वाळूत अंडी घालतो, आणि त्या वाळूच्या उपशाचा विचार करताना या पक्ष्याची आठवण कुणालाच होत नाही, याचे वाईट वाटते.

कुणी म्हणेल, तळीच पाहायची तर जंगलाच्या जिल्ह्यात कशाला यायचे? पण ही दोन जगे वेगळी नाहीत. अनेक तळ्यांत येणारे पाणी जंगलातल्याच उतारांवरून येते. कोणता उंबर पिकला, कोणत्या पिंपळावर हरियाल उतरतात, कोणत्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, अजून पाणी आहे, हे नकाशावर नसते; ते गावातल्या जाणत्या माणसालाच ठाऊक असते. कोस्टारिकातही क्वेट्झल पक्षी दाखवणारा वाटाड्या आधी रानटी अॅव्होकॅडोचे फळलेले झाड शोधतो. आपल्याकडे याचा मोठा दाखला वडशाच्या उत्तरेलाच आहे. नवेगावबांधला वनाधिकारी असताना मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांचे ज्ञान माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या स्थानिक जाणकारांकडून घेतले. पुढे मराठीत ‘पक्षिकोश’ रचणारा आणि २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झालेला लेखक तळ्याकाठच्या माणसांकडे शिकला, हे विसरता येत नाही. तळ्यात जाळे टाकणाऱ्या ढिवरांजवळ आणि रान तुडवणाऱ्या गोंडांजवळ असे ज्ञान आजही आहे. त्याला मानधन मिळत नाही, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वडसा-ब्रह्मपुरी परिसरात वाघ आणि माणसाचा संघर्ष तीव्र आहे. तेरा जणांचा बळी घेणारा ‘सीटी-१’ वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्याच जंगलात जेरबंद झाला. २०२१ पासून छत्तीसगडमधून आलेले रानटी हत्तीही या भागात वावरतात. हे भय खरे आहे, आणि पर्यटनाच्या उत्साहात ते झाकणे गुन्हा ठरेल. मात्र यातूनच माझ्या म्हणण्याला बळ मिळते. पहाटे एकट्याने रानात पायी शिरू नये. मोकळी पाळ, धानाची बांधी आणि नदीकाठ इथूनच दिवस काढावा, तोही वाघाच्या वावराची ताजी खबर असलेल्या माणसासोबत. जंगलात जायचेच तर वन विभागाच्या परवानगीने.

वनविभाग, नगर परिषद आणि आसपासच्या ग्रामसभांनी गावागावांतल्या तरुणांना एकत्र प्रशिक्षण देऊन मार्गदर्शकांची यादी रेल्वे स्टेशनवर लावावी. वाचकांनी डिसेंबर ते फेब्रुवारीत यावे, दुर्बीण आणावी आणि वाटाड्याचे मानधन घासाघीस न करता द्यावे.